सच्छिद्र ध्वनिशोषक पदार्थ : प्रतिमाने, मापन आणि धाराशिव जिल्ह्यातील साधने

बीजशब्द : ध्वनिशोषण, सच्छिद्रता, प्रवाहरोधकता, निनादन काल, संरोध नळी, बगॅस

प्रस्तावना

महाविद्यालयाची नवी इमारत उभी राहताना खोलीत उजेड किती येईल, हवा कशी खेळेल, बाके किती बसतील याचा विचार होतो. आवाजाचा विचार मात्र बहुधा उद्घाटनाच्या दिवशी, ध्वनिक्षेपक सुरू झाल्यावरच होतो. सिमेंटचा गिलावा, काँक्रीटचे छत आणि गुळगुळीत फरशी यांनी बंदिस्त झालेल्या सभागृहात वक्त्याचा एक शब्द विरण्यापूर्वीच दुसरा त्यावर येऊन आदळतो. शेवटच्या रांगेत आवाज पोहोचतो, अर्थ पोहोचत नाही. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढविणे. परंतु त्यामुळे मूळ शब्द आणि भिंतींवरून परतणारा निनाद हे दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

धाराशिव जिल्ह्यात (२०२३ पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा) बांधकामाचे साहित्य एका पिढीत बदलले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात आजच्या लोहारा व उमरगा तालुक्यांतील अनेक गावे उद्ध्वस्त झाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि धाब्याच्या छतावरील मातीचा जड थर यांखाली माणसे दबली. त्यानंतर उभी राहिलेली घरे, शाळा व समाजमंदिरे प्रामुख्याने सिमेंट-काँक्रीटची आहेत आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने तेच योग्य होते. मात्र जुन्या घरातील मातीचा खडबडीत पृष्ठभाग, धान्याची पोती, वाकळा, घोंगड्या हे सर्व कमी-अधिक प्रमाणात आवाज गिळत असत. नव्या खोलीत ते काम करणारे काहीच उरले नाही. जड मातीकडे परत न जाता, हलक्या व स्थानिक पदार्थांनी ही उणीव भरून काढता येईल काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे उत्तर देण्यासाठी पदार्थ आवाज कसा शोषतो, ते गणिताने कसे वर्तविता येते आणि प्रयोगशाळेत कसे मोजता येते, हे पाहणे आवश्यक आहे.

निनादन काल : सॅबिन यांचे सूत्र

या शास्त्राचा आरंभ एका वर्गखोलीच्या तक्रारीतूनच झाला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील नवे व्याख्यानगृह १८९५ मध्ये निरुपयोगी ठरले, कारण तेथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. त्यावर उपाय शोधण्याचे काम वॉलेस सॅबिन या तरुण सहायक प्राध्यापकाकडे आले. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती आणि साधने म्हणजे ऑर्गनची एक नळी, काल मोजण्याचे एक यंत्र व शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातून रात्रीपुरत्या उचलून आणलेल्या गाद्या एवढीच होती. गाद्यांची संख्या वाढवीत व दर वेळी निनाद मोजीत त्यांनी जो नियम काढला तो आजही वापरात आहे :

निनादन काल (सेकंद) = ०.१६१ × खोलीचे घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरस मीटर)

आवाजाची पातळी ६० डेसिबलने खाली येण्यास लागणारा काल म्हणजे निनादन काल. एकूण शोषण काढताना प्रत्येक पृष्ठभागाचे क्षेत्रफळ त्याच्या शोषण गुणांकाने गुणून बेरीज करतात. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून तिचा गुणांक १ मानला जातो. गुळगुळीत गिलाव्याचा सुमारे ०.०२ ते ०.०३ असतो.

उदाहरणादाखल ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद व ३.५ मीटर उंच अशी वर्गखोली घेऊ. घनफळ १८९ घनमीटर, सर्व पृष्ठभाग मिळून २१३ चौरस मीटर. सरासरी गुणांक ०.०३ धरल्यास शोषण ६.४ चौरस मीटर होते आणि रिकाम्या, बंद खोलीचा निनादन काल ४.८ सेकंद निघतो. सहा चौरस मीटर खिडक्या उघडल्या की तो अडीच सेकंदांपर्यंत उतरतो. प्रत्येक विद्यार्थ्याचे शोषण ०.४५ चौरस मीटर मानून ४० विद्यार्थी बसविले तर तो १ सेकंद होतो. उपस्थिती निम्मी असेल तर १.४ सेकंद. एकच खोली जूनमध्ये बरी आणि परीक्षेच्या तोंडावर वाईट का वाटते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. एवढ्या आकाराच्या रिकाम्या वर्गासाठी अमेरिकेच्या २००२ च्या मानकाने ०.६ सेकंदाची मर्यादा घातली आहे. ४० विद्यार्थी व उघड्या खिडक्या गृहीत धरूनही ती गाठण्यासाठी आणखी सुमारे २० चौरस मीटर शोषण लागते.

हे शोषण आणावयाचे कोठून, हा पुढील विचाराचा विषय आहे.

छिद्रात काय घडते

सच्छिद्र पदार्थावर ध्वनितरंग आदळला की छिद्रांतील हवा पुढे-मागे हलू लागते. छिद्राच्या भिंतीला चिकटलेला हवेचा थर हलत नाही, मधली हवा हलते. या दोहोंमधील घर्षणाने, म्हणजे हवेच्या श्यानतेमुळे, ध्वनिऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. शिवाय संपीडनाने किंचित तापलेली हवा आपली उष्णता छिद्राच्या भिंतींना देते आणि ती ऊर्जाही तरंगाला परत मिळत नाही. हे सारे भिंतीलगतच्या ज्या थरात घडते त्याची जाडी ५०० हर्ट्झ वारंवारतेला सुमारे ०.१ मिलिमीटर असते. छिद्र याहून फारच रुंद असेल तर हवा घर्षणाविना ये-जा करते. फारच अरुंद असेल तर हवा आत शिरतच नाही आणि तरंग पृष्ठभागावरून परततो. शोषक पदार्थाने हवेला वाट द्यावी, परंतु सुखासुखी देऊ नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

ही अपेक्षा ज्या राशीने मोजतात ती प्रवाहरोधकता होय. एक मीटर जाडीच्या पदार्थातून एक मीटर प्रतिसेकंद वेगाने हवा ढकलण्यासाठी किती दाब लागेल, ते ती सांगते. पदार्थ मऊ आहे की कठीण, हलका आहे की जड, याला दुय्यम महत्त्व आहे. येथेच एक सार्वत्रिक गैरसमज आढळतो. २०२० नंतर दृक्-श्राव्य व्याख्यानांसाठी ध्वनिमुद्रण कक्ष उभारताना अनेक ठिकाणी भिंतींवर थर्मोकोल चिकटविण्यात आले. थर्मोकोल हलके असते, त्यात हवाही भरपूर असते. परंतु ती बंद कप्प्यांत अडकलेली असते. तरंगाला आत जाण्यास मार्गच नसल्याने शोषण नगण्य होते. ज्वारीच्या ताटातील भेंडाची रचनाही अशीच बंद कप्प्यांची आहे. अंड्यांच्या ट्रेचा लगदा सच्छिद्र असला तरी तो काही मिलिमीटरच जाड असतो. त्यामुळे त्याचा प्रभाव उच्च वारंवारतेपुरताच उरतो.

तेरची तरंगणारी वीट

उघडी आणि बंद छिद्रे यांतील भेद समजून घेण्यासाठी जिल्ह्यातच एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे. तेरणाकाठचे तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात उल्लेखिलेले तगर नगर. तेथील प्राचीन विटा पाण्यावर तरंगतात ही गोष्ट जिल्ह्यात सर्वपरिचित आहे. मातीत भाताचे तूस किंवा तत्सम जिन्नस मिसळून वीट भाजली की तूस जळून जाते व त्याच्या जागी पोकळी राहते.

तरंगण्यावरून विटेविषयी पहिला निष्कर्ष सहज काढता येतो. भाजलेल्या मातीच्या कणांची घनता घनमीटरला सुमारे २६०० किलोग्रॅम असते. वीट तरंगण्यासाठी तिची एकूण घनता १००० हून कमी हवी. म्हणजे तिच्या घनफळाचा ६२ टक्क्यांहून अधिक भाग पोकळ असला पाहिजे. नेहमीच्या १६०० ते १८०० घनतेच्या विटेत हे प्रमाण ३० ते ३८ टक्के भरते.

यावरून अशी वीट उत्तम ध्वनिशोषक असेल असे म्हणता येईल काय? येथे तरंगण्याची कसोटी आणि शोषणाची कसोटी एकमेकींच्या विरुद्ध दिशेने जातात. छिद्रे परस्परांना जोडलेली व बाहेर उघडणारी असतील तर पाणी हळूहळू आत शिरते आणि वीट अखेर बुडते. वीट दीर्घकाळ तरंगत राहिली तर पोकळीचा मोठा भाग बंद आहे किंवा हवा बारीक छिद्रांत अडकून पडली आहे, असे समजावे. आवाजाला उपयोगी पडते ती पहिल्या प्रकारची पोकळी. सबब, तरंगणे ही एकूण सच्छिद्रतेची खूण आहे, उघड्या सच्छिद्रतेची नव्हे. उघडी सच्छिद्रता काढण्यासाठी वीट कोरडी असताना, पूर्ण भिजल्यावर आणि पाण्यात बुडवून अशी तीन वजने घ्यावी लागतात. विटेच्या पाणीशोषणाची भारतीय मानक ३४९५ मधील चोवीस तासांची चाचणी स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना परिचित असते. ती याच मार्गावरची आहे. संग्रहालयातील पुराणवस्तूंवर अर्थातच असे प्रयोग करावयाचे नाहीत. त्याच पद्धतीने नव्याने भाजलेल्या विटा त्यासाठी पुरेशा आहेत.

प्रतिमाने

पदार्थाची मोजता येणारी वैशिष्ट्ये घालून शोषण गुणांक वर्तविणारे गणित म्हणजे प्रतिमान. सर्वांत सोपे व सर्वाधिक वापरले गेलेले प्रतिमान इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील डेलनी व बॅझली यांनी १९७० मध्ये मांडले. अनेक तंतुमय पदार्थांवरील मापनांतून त्यांनी अशी सूत्रे बसविली की प्रवाहरोधकता ही एकच राशी घातली असता पदार्थाचा ध्वनिसंरोध आणि त्यातील तरंगाचा क्षय ही दोन्ही मिळावीत. हवेची घनता गुणिले वारंवारता, भागिले प्रवाहरोधकता ही संख्या ०.०१ ते १ यांच्या दरम्यान असेल तोवरच सूत्रे ग्राह्य आहेत, असेही त्यांनी बजावले. १९९० मध्ये मिकी यांनी त्यांत सुधारणा केली.

या सूत्रांतून काय हाती लागते ते आकड्यांनी पाहू. १०,००० पास्कल-सेकंद प्रतिचौरसमीटर प्रवाहरोधकतेचा तंतुमय थर काँक्रीटला थेट चिकटविला आहे आणि ५०० हर्ट्झचा तरंग त्यावर लंब दिशेने येत आहे. थराची जाडी २५ मिलिमीटर असल्यास शोषण गुणांक ०.१६ येतो, ५० मिलिमीटर असल्यास ०.५०, १०० मिलिमीटर असल्यास ०.९४. याचे कारण असे की कठीण भिंतीला चिकटलेली हवा हलू शकत नाही. हवेचा वेग महत्तम होतो तो भिंतीपासून पाव तरंगलांबीवर, म्हणजे ५०० हर्ट्झसाठी सुमारे १७ सेंटिमीटरवर. जेथे हवा हलत नाही तेथे घर्षण नाही आणि घर्षण नाही तेथे शोषण नाही.

यातून एक अत्यंत काटकसरीचा मार्ग निघतो. तोच ५० मिलिमीटरचा थर भिंतीला न चिकटविता १० सेंटिमीटर अंतर सोडून बसविला, तर त्याच सूत्रांनी गुणांक ०.९९ वर जातो. दुप्पट साहित्य घेण्याऐवजी मागे मोकळी हवा ठेवली की काम भागते. आणि हवा फुकट मिळते. सभागृहांत महागडे फलक भिंतीवर सपाट ठोकून बसविलेले पाहिले की हा मुद्दा किती दुर्लक्षित आहे ते कळते.

विटेला मात्र डेलनी-बॅझली सूत्रे लावता येत नाहीत. ती जवळजवळ संपूर्ण पोकळ अशा तंतुमय पदार्थांवर बेतलेली आहेत. त्यासाठी जॉन्सन, कोप्लिक व दाशेन (१९८७) आणि शाँपू व अलार (१९९१) यांच्या कामातून सिद्ध झालेले पाच राशींचे प्रतिमान वापरतात. उघडी सच्छिद्रता आणि प्रवाहरोधकता यांखेरीज त्यात छिद्रमार्गाची वळणे किती हे सांगणारी वक्रमार्गता असते. उरलेल्या दोन राशी म्हणजे छिद्राच्या दोन लाक्षणिक लांब्या होत : श्यानतेचा परिणाम छिद्राच्या अरुंद गळ्यांवर अवलंबून असतो, तर उष्णतेच्या देवाणघेवाणीचा परिणाम त्याच्या रुंद पोटांवर. हे प्रतिमान पदार्थाचा सांगाडा ताठ मानते. घोंगडीसारख्या लवचीक पदार्थात सांगाडाही हवेबरोबर हलतो. तेथे १९५६ मध्ये बियो यांनी मांडलेल्या सिद्धान्ताकडे जावे लागते. महाविद्यालयीन पातळीवर बहुतेक प्रसंगी एवढ्या खोलात शिरण्याची गरज पडत नाही.

मापन : संरोध नळी

प्रतिमानाचे भाकीत खरे की खोटे हे संरोध नळी ठरविते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने पदवीच्या प्रात्यक्षिकात अनुनाद नळी हाताळलेली असते. संरोध नळी ही तिचीच भावंड. जाड भिंतीच्या सरळ नळीच्या एका टोकाला ध्वनिवर्धक, दुसऱ्या टोकाला कठीण बुडावर बसविलेला नमुना. जाणारा व परतणारा तरंग मिळून नळीत स्थिर तरंग तयार होतो. एक लहान मायक्रोफोन नळीतून सरकवीत महत्तम व लघुतम दाब नोंदवितात. या दोहोंचे गुणोत्तर ‘न’ मानल्यास

शोषण गुणांक = ४न ÷ (न + १)²

गुणोत्तर ३ आले तर गुणांक ०.७५, १० आले तर ०.३३. लघुतम आणि महत्तम यांत फरकच आढळला नाही तर परतणारा तरंग शून्य, म्हणजे गुणांक १. नळीच्या व्यासाने वारंवारतेची वरची मर्यादा ठरते. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळीत सुमारे २००० हर्ट्झपर्यंतच मापन विश्वसनीय राहते. त्यापुढे तरंग नळीत सरळ न जाता आडवा पसरू लागतो, म्हणून अधिक अरुंद नळी लागते. ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक १०५३४ च्या पहिल्या भागात (१९९६) आहे. दुसऱ्या भागातील (१९९८) पद्धतीत दोन स्थिर मायक्रोफोन व संगणक यांच्या साह्याने सर्व वारंवारता एकदम मोजल्या जातात. पहिली पद्धत वेळखाऊ आहे, परंतु अध्यापनासाठी तीच श्रेयस्कर ठरावी, कारण विद्यार्थ्याला निस्पंद व प्रस्पंद प्रत्यक्ष ‘ऐकता’ येतात.

या प्रयोगातील चुका बहुधा नमुना कापण्यात होतात. नमुना नळीहून किंचित लहान कापला गेला तर कडेच्या फटीतून हवा हलते आणि गुणांक भलताच येतो. तो दाबून बसविला तर तंतू चेपून प्रवाहरोधकता बदलते. मागे नकळत दोन-तीन मिलिमीटर जागा राहिली तरी निष्कर्ष ढळतो. म्हणून एकाच फलकातून किमान तीन नमुने कापून प्रत्येक पुन्हा पुन्हा बसवून मोजणे आवश्यक आहे.

नळीतील तरंग फक्त लंब दिशेने येतो; खोलीत तो सर्व बाजूंनी येतो. त्यासाठी मोठे निनादकक्ष वापरतात आणि सॅबिन यांच्याच सूत्राने नमुन्याचे शोषण काढतात. तेथे कधीकधी गुणांक १ च्या वर येतो. आदळलेल्या ऊर्जेपेक्षा अधिक ऊर्जा शोषली गेली असा त्याचा अर्थ नाही. नमुन्याच्या कडांपाशी तरंग वळत असल्याने तो आपल्या क्षेत्रफळापेक्षा मोठा असल्यासारखा वागतो. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकातील १.०५ सारखे आकडे या दृष्टीने वाचावेत.

स्थानिक साहित्य

जिल्ह्यातील साखर कारखान्यांत उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बगॅस निघते, त्यात निम्मे पाणी असते. बगॅसचे ध्वनिशोषक फलक ही नवी कल्पना नव्हे. अमेरिकेतील लुइझियानात सेलोटेक्स कंपनीने १९२० च्या दशकात याच तंतूंचे फलक बाजारात आणले होते. आधीच्या वर्गखोलीला २० चौरस मीटर शोषण हवे होते. प्रत्यक्ष खोलीतील गुणांक सावधपणे ०.७ धरला तर २९ चौरस मीटर, म्हणजे छताच्या निम्म्याहून थोडे अधिक क्षेत्र झाकावे लागेल. फलक ५० मिलिमीटर जाड व घनमीटरला १२० किलोग्रॅम घनतेचे असतील तर १७४ किलोग्रॅम कोरडे तंतू लागतात. तेवढे सुमारे सव्वा टन उसातून मिळतात. कारखान्यांना बाष्पकासाठी व वीजनिर्मितीसाठी बगॅस हवे असते हे खरे, पण एका वर्गाची मागणी त्यांच्या दृष्टीने क्षुल्लक आहे. याउलट कडब्याचा विचार येथे करू नये. दुष्काळी जिल्ह्यात जनावरांच्या तोंडचा चारा भिंतीवर लावणे कोणालाही पटणार नाही. तुराट्या मात्र अजूनही मोठ्या प्रमाणावर जळणात जातात. त्या कुटून त्यांचे तंतू वापरून पाहण्यासारखे आहेत.

बगॅसच्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. त्यात उरलेल्या साखरेमुळे बुरशी धरते आणि अशा बुरसलेल्या बगॅसची धूळ श्वासावाटे गेल्यास बगॅसोसिस नावाचा फुप्फुसाचा विकार होतो. म्हणून तंतू ताजे असतानाच धुऊन उन्हात पूर्ण वाळविणे आणि काम करताना मुखपट्टी वापरणे अनिवार्य आहे. वाळवी व आग यांपासून बचावासाठी टाकणखार व बोरिक आम्ल यांचे द्रावण वापरले जाते. खळ किंवा अन्य चिकट द्रव्य जास्त झाले तर छिद्रे बुजतात. फलक मजबूत होतो आणि शोषक उरत नाही. हीच गोष्ट रंगाची. दर काही वर्षांनी इमारत रंगविताना कंत्राटदाराचा माणूस फलकांवरूनही डिस्टेंपरचा ब्रश फिरवितो आणि त्या दिवसापासून फलक ही केवळ शोभेची वस्तू होते. आच्छादन हवेच असेल तर विरळ विणीचे कापड लावावे. कापड ओठांशी धरून फुंकर घातली असता हवा सहज पलीकडे गेली पाहिजे.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. सच्छिद्र फलक खोलीतला निनाद कमी करतो, बाहेरचा आवाज अडवीत नाही. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडू लागला की वर्ग थांबवावा लागतो, त्यावर हा उपाय नव्हे. तेथे वस्तुमान व फटी बंद करणे उपयोगी पडते.

वर्गातील पडताळा

फलक बसविण्यापूर्वी व नंतर खोलीचा निनादन काल मोजणे फारसे अवघड नाही. फुगा फोडून होणारा आवाज मोबाइलवर मुद्रित करावा व संगणकावर पातळीचा उतार पाहावा. पूर्ण ६० डेसिबलचा उतार पार्श्वभूमीच्या गोंगाटात बुडतो, म्हणून २० डेसिबलच्या उताराचा काल घेऊन त्याची तिप्पट करतात. फुगा खोलीत तीन-चार ठिकाणी फोडावा, पंखे बंद ठेवावेत, खिडक्यांची स्थिती व उपस्थितांची संख्या नोंदवावी. पहिला पावसाळा उलटल्यावर त्याच जागी, तेवढ्याच माणसांसह दुसरे मापन घ्यावे. फलकांच्या छिद्रांपैकी किती दमटपणाने, धुळीने किंवा रंगाने बुजली ते या दोन आकड्यांमधील फरकावरून कळते.